पुसलेल्या फरशीवरचं नाटक

स्वच्छ फरशीने कोणाचं वाटोळं झालेलं मी जन्मात ऐकलं नव्हतं. घाणीने होतं, पसाऱ्याने होतं, आणि पाहुणे दारात असताना पायरीवर चपलांचा ढीग असेल तर अब्रूच जाते. पण फरशी पुसली म्हणून अख्ख्या इमारतीसमोर तीन धडधाकट माणसं अंधारात चाचपडत राहिली, हे आमच्याच नशिबी. लोक आता ती हकिगत आपापल्या परीने सांगतात. समोरची हेडबाई सांगते त्यात तर मी बादली घेऊनच रंगमंचावर बसले होते. म्हणून म्हटलं, आपणच लिहावी. शाळा मी चौथीत सोडली. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ काढणाऱ्यांनी आधी आपल्या घरचे कोपरे तपासून यावं.

आमची सून नाटक शिकवते. म्हणजे ज्यांना नाटकातलं ओ की ठो कळत नाही अशा नवशिक्यांना. इमारतीच्या तळमजल्यावर हॉल आहे, त्याच्या एका टोकाला गुडघाभर उंचीचा रंगमंच आहे, आणि त्या रंगमंचावर वर्षानुवर्षं मोडक्या खुर्च्या आणि पाण्याची फुटकी टाकी एवढेच काय ते नट उभे होते. सुनेने ते हलवले, पडदा लावला आणि संध्याकाळचा वर्ग काढला. बँकेतला एक कॅशियर येतो, वरच्या मजल्यावरची नर्स येते, चष्म्याच्या दुकानातला एक उंच माणूस येतो, अशी बरीच मंडळी. दिवसभर दुसऱ्यांचं ऐकून घेणारी माणसं. संध्याकाळी मोठ्याने बोलायला मिळतं म्हणून येतात, असं माझं मत. सून म्हणते, तसं नाही, ते स्वतःला शोधायला येतात. शोधेनात का. मीही रोज माझा चष्मा शोधते, पण त्यासाठी मला हॉल लागत नाही.

हा वर्ग सोसायटीच्या सेक्रेटरीच्या डोळ्यांत खुपत होता. त्याला हॉलमध्ये टेबल टेनिसचं टेबल टाकायचं होतं. जिन्यात दोन मजल्यांमध्ये तीनदा दम खाणारा माणूस टेबल टेनिस काय खेळणार? पण ते टेबल त्याच्या मेव्हण्याच्या दुकानात धूळ खात पडलं होतं, हे सगळ्या इमारतीला ठाऊक. त्याने नियमांचं पुस्तक उघडलं. हॉल हवा असेल तर वर्गातली निम्मी माणसं इमारतीतली पाहिजेत. मोजदाद झाली, एक माणूस कमी भरलं.

सून दारोदार फिरली. हेडबाई म्हणाली, "मी आयुष्यभर शिकवलंय. आता या वयात शिकले तर मुलं काय म्हणतील?" तिचे विद्यार्थी आता टक्कल पडून फिरतात, पण ते असो. आमच्या ह्यांनी पेपरातून डोकंही वर काढलं नाही. "मी बघणारा माणूस आहे," म्हणाले, "करणारा नाही." हे वाक्य मात्र खरं. चाळीस-एक वर्षांच्या संसाराचा सारांश आहे तो. मुलगा कंपनीच्या कामाने सदा बाहेरगावी. अर्ज जेवणाच्या टेबलावर पडून होता, एक ओळ रिकामी, आणि सून त्या ओळीकडे बघत बसली होती.

मला विचारलंच नाही.

इतकी दारं वाजवली, लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या माणसाला विचारलं, पण स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या बाईला विचारायचं सुचलं नाही. मी हात पुसले, पेन घेतलं आणि त्या ओळीवर माझं नाव लिहिलं. जरा रेघेच्या खाली गेलं, पण ठळक आलं.

"आई!" सून उठलीच. "तुम्ही?"

"का? मी या इमारतीत राहत नाही? पाहुणी आहे?"

"तसं नाही हो. पण तिथे मी शिकवणार, आणि तुम्ही..."

"आणि मी शिकणार. एवढंच ना? तुला भाजी निवडायला मी शिकवली तेव्हा तू कुठे लाजलीस?"

सेक्रेटरीने अर्ज हातात घेतला, वाचला आणि म्हणाला, "काकू, रहिवासाचा पुरावा लागेल."

माझ्याकडे पुरावा मागतो! याच्या लग्नाच्या बोलणीला माझ्या घरच्या खुर्च्या गेल्या होत्या, त्यातली एक अजून परत आलेली नाही. पण घरी येऊन कागद काढायला बसले तर काय, घर ह्यांच्या नावावर, विजेचं बिल ह्यांच्या नावावर, दारावरच्या पाटीवर ह्यांचं आणि मुलाचं नाव. घर मी चालवते आणि घरात माझ्या नावाची चिठोरीसुद्धा नाही. शेवटी सापडली. गॅलरीच्या कठड्यावर पायपुसणी झटकू नयेत, अशी नोटीस. माझ्या पूर्ण नावानिशी, मजला आणि घर नंबरासकट, खाली सेक्रेटरीची सही. तीच नेऊन त्याच्यापुढे ठेवली. "ओळखता का सही?" म्हटलं. अर्ज मंजूर झाला. मात्र जाता जाता त्याने शेपूट जोडलंच: वर्गाने इमारतीसमोर एक नाटक करून दाखवावं, ते बघून रहिवासी हात वर करतील, आणि मग ठरेल हॉल कोणाचा ते.

वर्गाचा पहिला दिवस. सगळे खाली चटईवर बसलेले. मी खुर्ची मागितली तर सून म्हणाली, "रंगमंचावर सगळे सारखे." घरी माझ्यापुढे मोठ्याने शिंकत नाही ही मुलगी! वर आणखी एक नियम सांगितला. वर्गात नात्याने हाक नाही. तिला सगळ्यांनी 'मॅडम' म्हणायचं. मी मनात म्हटलं, हे होणे नाही. मी तिला काहीच म्हणायचं नाही असं ठरवलं. काही विचारायचं असलं की घसा खाकरायचा. ती वळून बघायची. काम भागत होतं.

त्या वर्गात मला जे शब्द शिकवले ते लिहिते, म्हणजे पुढचं कळेल. रंगमंचाची उजवी बाजू म्हणजे नटाची उजवी, बघणाऱ्याची नव्हे. मी पहिल्याच दिवशी उलट्या बाजूने गेले आणि चष्मेवाल्याच्या छातीवर आदळले. बाजूला जे उभे पडदे असतात, ज्यांच्या आड नट लपतो, त्यांना विंग म्हणतात. तिथून आत आलात की प्रवेश, गेलात की एक्झिट. माणूस नुसता आला-गेला असं म्हणून भागत नाही. आपलं वाक्य कधी बोलायचं याचा इशारा म्हणजे क्यू. समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत थांबायचं, ही गोष्ट आमच्या इमारतीत मला तरी नवीन होती. एकटंच मोठ्याने बोलणं म्हणजे स्वगत. ते मी ओट्यापाशी रोज करते, त्याला एवढं नाव आहे हे ठाऊक नव्हतं. आणि चौथी भिंत. रंगमंचाला तीन भिंती असतात, चौथी प्रेक्षकांच्या बाजूला आहे असं नटाने समजायचं. "नसलेली भिंत आहे समजायची?" मी घसा खाकरून विचारलं. "मग तिला रंग कोणी द्यायचा?" कॅशियर हसला. सून हसली नाही. म्हणाली, "आणि सगळ्यात मोठा नियम. काहीही झालं, छप्पर कोसळलं तरी, पात्र सोडायचं नाही. तुम्ही जी व्यक्ती झालात तीच व्यक्ती राहून अडचण निस्तरायची."

मी मनात म्हटलं, हे तर कोणत्याही घरातल्या बाईला सांगायला नको.

नाटक सुनेनेच लिहिलं होतं. एका घरात एक बहिरी आजी आहे. तिला ऐकू येत नाही म्हणून मुलगा, सून आणि वरचा भाडेकरू एकेक करून तिच्याजवळ येतात आणि मनातलं बोलून मोकळे होतात; कोणाला घर विकायचंय, कोणाला घर सोडायचंय, कोण कोणाशी खोटं बोललंय. आजी नुसती बसलेली. अगदी शेवटी, सगळे एकत्र जमले की ती उठते आणि म्हणते, "मला सगळं ऐकू येतं." पडदा.

मुलगा झाला कॅशियर, सून झाली नर्स, भाडेकरू झाला चष्मेवाला. आजी मी.

"वाक्य एकच?" मी विचारलं.

"एकच. पण सगळं नाटक त्या वाक्यावर उभं आहे."

"आणि तोवर?"

"तोवर गप्प बसायचं." एवढं म्हणताना तिचा आवाज किंचित कापला. ते मला कळलं. पण मी काही बोलले नाही, म्हणजे तयारीला लागलेच होते.

ही बातमी इमारतीत पसरली आणि सल्ल्यांची रीघ लागली. हेडबाई रोज मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला सांगून गेली, एका वाक्यासाठी. वर म्हणाली, "हनुवटी वर ठेवा, म्हणजे शेवटच्या रांगेत आवाज जातो." ती लहानपणी शाळेच्या नाटकात झाड झाली होती, झाडाला कसली आली हनुवटी? तळमजल्यावरचे निवृत्त साहेब म्हणाले, "खरा कलावंत भूमिका जगतो." हे मात्र मला पटलं. मी घरीच बहिरी व्हायचं ठरवलं.

दाराची बेल वाजली, मी उठले नाही. गॅसवाला सिलिंडर घेऊन आला तसा परत गेला. कुकरच्या शिट्ट्या झाल्या, मी बसून राहिले, भात करपला. ह्यांनी दोनदा हाक मारली आणि मग पेपर घडी करून माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मी शून्यात बघितलं. ते घाबरले नाहीत. उलट चेहऱ्यावर अशी शांतता पसरली, की तशी मी फक्त निवृत्तीच्या दिवशी पाहिली होती. त्यांनी चक्क रेडिओ लावला. मुलाचा फोन आला तेव्हा माझ्यासमोर बसून म्हणाले, "घर कसं छान चाललंय. हा वर्ग बंद पडता कामा नये." ते वाक्य मी गाठीला बांधून ठेवलं आहे, योग्य वेळी काढीन. हेडबाई 'बघायला' आली, मला काही ऐकू येत नाही असं कळल्यावर माझ्याच सोफ्यावर बसून ह्यांना म्हणाली, "तशी तोंडाने फटकळ, पण मनाने..." आणि पुढे काही न बोलता चहा प्यायली. मनाने काय, ते अजून कळलेलं नाही.

आणि सुनेचं बोलणंही असंच कानावर पडलं. ती गॅलरीत फोनवर कोणा मैत्रिणीशी बोलत होती, मी आत खुर्चीत. म्हणत होती, "हॉल गेला तर दुसरीकडे भाडं परवडणारं नाही. मग ते मावशीच्या ऑफिसातलं टायपिंगचं काम धरायचं, आणखी काय? नाही, घरी कोणाला बोलले नाही." मग जरा थांबून, "आई आल्या म्हणून तर वर्ग टिकला गं. पण त्या दिवसभर बोलणाऱ्या बाई. शेवटपर्यंत गप्प बसतील का, या काळजीने मला झोप नाही."

मी तशीच बसून राहिले. भूमिका जगणं सोपं नसतं.

तालमी झाल्या. सुनेने रंगमंचावर रंगीत चिकटपट्टीच्या फुल्या मारल्या होत्या. कॅशियरने निळ्या फुलीवर यायचं, नर्सने लालवर, माझी खुर्ची मधोमध पिवळ्या चौकोनात. कारण दिवे दोनच होते, भाड्याचे, उंच दांड्यावर लावलेले. वायरमन ते फुल्या बघून एकदा बांधून ठेवणार. नाटक चालू असताना वळवता येत नाहीत. फुलीवर उभं राहिलं की तोंडावर उजेड, एक पाऊल बाहेर गेलात की संपलात. म्हणून तिने सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसवलं होतं: फुली सोडायची नाही. कॅशियर तर इतका शिस्तीचा, की फुलीवर दोन्ही पाय मावेनात म्हणून पाय जुळवून उभा राहायचा.

नाटकाच्या आदल्या दिवशी नोटीस लागली. चिकटपट्टीच्या डिंकाने रंगमंचाची पॉलिश खराब होते, सबब सर्व पट्ट्या ताबडतोब काढाव्यात. त्या फरशीवर वर्षानुवर्षं फुटकी टाकी गळत होती तेव्हा पॉलिश कुठे होतं, हे विचारायला मी निघाले होते, पण सुनेने हात धरला. "आज भांडण नको, आई. मी काहीतरी करते." तिने काय केलं ते मला माहीत नव्हतं, कारण दुसऱ्या दिवशी दुपारी सून आणि वर्गातली मंडळी वायरमनबरोबर दिवे बांधत होते आणि मी घरी, हेडबाईच्या हुकमावरून, गुळण्या करत होते.

तयार होऊन मी सगळ्यांच्या आधी खाली आले. हॉल रिकामा, खुर्च्या मांडलेल्या. सून मागच्या खोलीत नर्सचे केस बांधत होती. मी पडद्याआड गेले आणि कपाळावर हात मारला. फरशीभर खडू! इथे गोल, तिथे फुली, मध्ये बाण. कोणाची तरी पोरं शिरून रेघोट्या मारून गेली होती. थोड्या वेळात सगळी इमारत येणार, सेक्रेटरी पहिल्या रांगेत बसणार, पॉलिशवरून नोटीस काढणारा माणूस! हे बघितलं की त्याला निमित्तच मिळालं. लोक म्हणणार, सासू-सून दोघी असून ही अवस्था?

कोपऱ्यात बादली होती. फडकं होतं. पुसण्याआधी मी आयुष्यात कधी याहून जास्त विचार केलेला नाही.

खुर्ची बाजूला घेतली, चांगली दोनदा पुसली, दुसऱ्यांदा फिनेल टाकून. मग खुर्ची परत ठेवली. ती अधांतरी मधोमध कशी तरीच दिसत होती, म्हणून मागच्या भिंतीला लावून, सरळ, घरात ठेवतात तशी. अशी चकाकली फरशी! त्या इमारतीतल्या कोणाच्या घरात नसेल. समाधानाने खुर्चीत बसले, हात मांडीवर ठेवले आणि बहिरी झाले.

पहिली घंटा झाली. दुसरी झाली. दिवे बंद झाले आणि त्या अंधारात बाकीचे आपापल्या विंगेत येऊन उभे राहिले. फिनेलचा वास सगळ्यांना आला असणार, पण कोणी त्याचा अर्थ लावला नाही. तिसरी घंटा झाली, पडदा उघडला, दिवे लागले.

रंगमंचाच्या मधोमध, लख्ख उजेडात, कोणीच नव्हतं. नुसती फरशी. मी मागे भिंतीपाशी काळोखात.

कॅशियरचा प्रवेश झाला. तो खाली बघत आला, मान घालून, पडलेलं नाणं शोधावं तसा. त्याची खूण जागेवर नव्हती. तो थांबला. जागेवर गोल गोल फिरला. शेवटी अंदाजाने एका ठिकाणी पाय जुळवून उभा राहिला, उजेडाच्या बरोबर हातभर बाहेर, आणि काळोखातून त्याचा आवाज आला, "आजी, तुला ऐकू येत नाही ते बरंय." नर्स दुसऱ्या बाजूने आली, तीही खाली बघत, आणि ओल्या फरशीवरून घसरत थेट माझ्या खुर्चीला येऊन धडकली. चष्मेवाल्याचा क्यू अजून आलाच नव्हता, पण तो घाबरून आला.

पहिल्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "फरशी मात्र छान दिसतेय." हशा झाला. सगळा हॉल हसला. तो हशा वाईट होता. नाटकाला नव्हता, आम्हाला होता.

तेव्हा मला कळलं. बाण, फुल्या, गोल. खडूने. पट्टीच्या जागी. मी विंगेकडे बघितलं. तिथे सून उभी होती, आणि तिच्या पायाशी माझी बादली होती. ती माझ्याकडे बघत होती. रागावली असती तर मला सोसलं असतं. ती रागावलेली नव्हती. टायपिंगच्या कामाला निघालेल्या माणसाचा चेहरा होता तिचा.

तेवढ्यात सेक्रेटरी उठला. "ट्यूबलाइट लावतो," म्हणाला, "असं कसं दिसणार?" आणि बटणांकडे निघाला. ट्यूबलाइट लागल्या की नाटक संपलं. मग ती नुसती सोसायटीची मीटिंग.

मी काय करणार? मला वाक्य एकच, तेही शेवटचं. ते आत्ता बोलले तर आजीला ऐकू येतं हे उघड झालं, मग नाटकात उरलं काय? छप्पर तर कोसळलं होतं. पात्र सोडायचं नव्हतं. मी त्या बहिऱ्या आजीचा विचार केला. बहिरी आहे, मुकी थोडीच आहे? आणि बहिरं माणूस बोलतं कसं, तर ओरडून.

"कोण आहे रे तिथे?" मी जी आरोळी ठोकली, त्याने सेक्रेटरी बटणावर हात ठेवून जागच्या जागी थांबला. "ओठ हलताना दिसत नाहीत मला! उजेडात येऊन बोला! एक तर ऐकू येत नाही, त्यात काळोखात उभे राहतात!"

हसणारी तोंडं माझ्याकडे वळली. कॅशियर माझ्याकडे बघतच राहिला.

"बघतोस काय? पुढे हो! आणखी पुढे! त्या उजेडात. खाली काय बघतोस, काही हरवलंय का? वर बघ, माझ्याकडे!" कॅशियर सरकत सरकत उजेडात आला आणि त्याचं तोंड एकदम उजळलं. "हां! आता बोल. काय म्हणतोस ते कळत नाही, पण नीट उभा राहून बोल. आणि माझी खुर्ची कोणी भिंतीला लावली रे? मला काय गुंडाळलेलं अंथरूण समजलात? घ्या पुढे!"

हशा झाला. पण हा निराळा होता. कॅशियर आणि चष्मेवाल्याने मला खुर्चीसकट उचलून उजेडात आणलं, आणि मी उचलली जात असतानाही ओरडत होते, "हळू! फरशी ओली आहे, कोण्या मूर्खाने पुसून ठेवलीय!" पहिल्या रांगेतले निवृत्त साहेब खुर्चीतून पडायचेच बाकी होते. सेक्रेटरी बटणावरचा हात काढून आपल्या जागी जाऊन बसला.

मग मी गप्प बसले. नाटक सुरू झालं. नर्स आली की मी हाताने तिला उजेडात ओढून घ्यायची, चष्मेवाला उंच असल्याने त्याचं डोकं काळोखात जायचं, तेव्हा मी त्याला खूण करून खाली वाकवायची. लोकांना वाटत होतं ते असंच लिहिलंय. घर विकायची गोष्ट निघाली तेव्हा कोणी हसलं नाही. नर्स आपलं दुःख सांगताना खरंच रडली. आणि मी बसून होते, कानावर सगळं पडत होतं, तोंडातून शब्द नाही. घरी गॅलरीतला फोन ऐकला होता तसंच.

शेवटी तिघंही जमले, भांडू लागले. माझा क्यू आला. मी उठले. हनुवटी वर केली, हेडबाईच्या समाधानासाठी. आणि सावकाश म्हटलं, "मला सगळं ऐकू येतं."

ओरडून नाही. अगदी हळू. पण शेवटच्या रांगेत आमच्या ह्यांचा हात एकदम कपाळाला गेला तो मला दिसला.

पडदा पडला. टाळ्या झाल्या. हात वर झाले, पडद्याच्या फटीतून मी बघितले. हेडबाईने तर दोन्ही केले, आणि तिला एक खाली घ्यायला लावावा लागला. हॉल वर्गाकडेच राहिला. टेबल टेनिसचं टेबल मेव्हण्याच्या दुकानातच धूळ खातंय.

सगळे मागे आले. सेक्रेटरीही आला, हरलेल्या माणसाचं तोंड करून, पण हात पुढे करत. "काकू, कमाल केलीत," म्हणाला. "त्या अंधाराची कल्पना काय भन्नाट! आणि ओरडून सगळ्यांना उजेडात आणायचं. तुमचं डोकं का हे?"

बादली अजून विंगेतच होती. सून तिच्या शेजारी उभी, हातात माझं फडकं.  

मी घसा खाकरला. मग म्हटलं, घसा खाकरून भागायचं नाही.

"माझं कसलं डोकं," मी म्हटलं. "काहीही झालं तरी पात्र सोडायचं नाही, हे आम्हाला मॅडमनी शिकवलं."

सेक्रेटरीने मान डोलावली आणि गेला. सून तशीच उभी. फडक्याची घडी घालत होती, उलगडत होती, पुन्हा घालत होती. तिचे डोळे भरून आले होते की फिनेलने झोंबत होते, ते विचारायची माझी रीत नाही.

जिना चढून घरी आलो. तिने दारातच चपला काढल्या, एक इकडे, एक तिकडे, दमली असेल. मी बघत होते. ती आत गेली, पाणी प्यायली, सोफ्यावर बसली.

"मॅडम," मी म्हटलं.

तिने दचकून वर बघितलं.

"चपला. जागेवर."

ती उठली आणि तिने त्या उचलून जागेवर ठेवल्या. मग दुसऱ्या दिवशी सकाळी खडू घेऊन आली आणि ओट्यापुढच्या फरशीवर, मी उभी राहते तिथे, एक मोठी फुली काढून गेली. अजून आहे ती. रोज घर पुसते मी. तेवढी सोडून.